नीळ्ळु म्हणजे पाणी



आम्ही बाहेरगावी निघालो म्हटले की वस्तीतली माणसे आधी विचारतात, "कुणाचं लग्न?" त्यांचे चुकत नाही. लग्न, नामकरण, मयत, नाहीतर नागपूरची दीक्षाभूमी, एवढ्या कारणांखेरीज आमच्यासारखी माणसे लांबच्या गाडीत बसत नाहीत. फिरायला म्हणून फिरायला जाणे हा प्रकार आम्ही सिनेमातच पाहिलेला. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही चक्क फिरून आलो, तेही थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत. आणि त्याला कारण झाली एक सरकारी परीक्षा.

आमच्या धाकटीने एका भरतीचा अर्ज भरला होता. मुंबईत राहणाऱ्या मुलीला परीक्षेचे केंद्र कोणते मिळावे? ठाणे नाही, पुणे नाही. विशाखापट्टणम! इथून लोहमार्गाने तेराशे किलोमीटरहून जास्त. दीड तासाचा पेपर आणि जाऊन-येऊन तीन दिवसांचा प्रवास. ज्याने कोणी हे केंद्र दिले त्याला आम्ही आठवडाभर घरात बसून नावे ठेवली. धाकटी म्हणाली, "मी एकटी जाते." आमच्या सौ. म्हणाल्या, "मी सोबत जाते." आम्ही म्हणालो, "मग मी कशाला मागे राहू?" तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या मातोश्रींचा आवाज आला.

"मी बी येणार. मला समुद्र बघायचाय."

"आई, समुद्र दादरला आहे की!"

"दादरला आपण सहा डिसेंबरला जातो. रांगेत उभं राहायचं, पोरांना सांभाळायचं. समुद्राकडं बघायला सवड कुणाला असती?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. सौ.ची भिशी नेमकी त्याच महिन्यात लागली आणि चौघांची तिकिटे निघाली.

मुंबईहून सुटणारी कोणार्क एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करीत विशाखापट्टणमला जाते. मातोश्रींचे माहेर करमाळा तालुक्यातले. त्यामुळे रात्री सोलापूर स्टेशनात मावशी फलाटावर हजर. हातात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. गाडी पाच-दहा मिनिटे थांबली तेवढ्यात दोघी बहिणींनी दोन वर्षांचे बोलून घेतले. पुढे सगळा प्रवास त्या भाकरीवर झाला. गाडीतल्या डब्यातले अन्न घेण्याची वेळ आली नाही, म्हणजे पैसे वाचले.

दुसऱ्या दिवशी राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल लागला. पूल सरता सरेना. मातोश्री खिडकीला चिकटून बसल्या होत्या. "ही आपलीच का रं गोदावरी? नाशिकची?" होय म्हटल्यावर त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाशकात एवढीशी. हितं बघ कशी पसरलीया. बाहेर पडलं की माणूस बी असंच मोठं होतं." धाकटीकडे बघून बोलल्या होत्या. पुस्तकात डोके घालून बसलेल्या धाकटीने ऐकले की नाही कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राबाहेर जत्रा भरली होती. मुले-मुली आत आणि आईबाप बाहेर झाडाखाली. कोणी ओडिशाहून आलेले, कोणी तेलंगणातून. ऊन चढू लागले. आमची पाण्याची बाटली नेमकी धाकटीच्या पिशवीत आणि ती पिशवी दारावर जमा केलेली. मातोश्रींच्या घशाला कोरड पडली. शेजारी एक तेलुगू बाई बसल्या होत्या, मुलगा आत परीक्षेला. त्यांनी मातोश्रींचा चेहरा पाहिला आणि आपली बाटली पुढे केली. म्हणाल्या, "नीळ्ळु तागंडि, अम्मा."

मातोश्रींनी आमच्याकडे पाहिले. "निळं काय म्हणती रं ही? आपली हाय का काय?"

आम्ही इशाऱ्यांनी, मोडक्या हिंदीने चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. "पाणी प्या, आई," एवढेच ती माऊली म्हणाली होती. मातोश्री पोटभर प्यायल्या आणि सोलापूरची भाकरी-चटणी तिच्या हातावर ठेवली. तिने खाल्ली, ठसका लागला, पुन्हा स्वतःचीच बाटली मागून घेतली, आणि दोघी हसू लागल्या. कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, कोणी कोणाला विचारले नाही. पेपर सुटेपर्यंत त्या दोघींचे मराठी-तेलुगू बोलणे सुरू होते. एकमेकींचे काय कळत होते ते त्यांनाच ठाऊक.

पेपर कसा गेला? "बरा," असे धाकटी म्हणाली. बरा म्हणजे काय हे आमच्या पिढीला कधी कळलेले नाही. असो. आता तीन दिवस आमचे होते.

विशाखापट्टणमला तिथले लोक वायझॅग असेही म्हणतात. एका बाजूला बंगालचा उपसागर आणि बाकी तिन्ही बाजूंना डोंगर. पूर्व घाटाचे हे डोंगर इतके समुद्राला येऊन भिडलेले की शहराने जागा सापडेल तिथे पाय पसरलेले आहेत. डोंगराला तेलुगूत 'कोंडा' म्हणतात. अमकी कोंडा, तमकी कोंडा, जिकडेतिकडे कोंडा. धाकटी म्हणाली, "बाबा, ह्या शहराला शिकेकाई लावायला पाहिजे."

पहिल्या पहाटे आम्ही रामकृष्ण बीचवर गेलो. मुंबईच्या माणसाला समुद्र म्हणजे सूर्य बुडण्याची जागा. इथे तो समुद्रातून वर येतो. आधी पाण्यावर तांबूस रेघ, मग टिकलीएवढा ठिपका, आणि बघता बघता अख्खा गोळा. मातोश्रींनी हात जोडले नाहीत, पण पदर सावरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आपल्याकडं कामावरनं येईपर्यंत हा निघून गेलेला असतो. आज भेटला." पाण्यात मात्र आम्ही घोट्याच्या वर गेलो नाही. तिथला प्रवाह ओढणारा आहे. पोहू नका म्हणून सांगतात ते मुकाट्याने ऐकावे.

दक्षिणेला बंदराच्या तोंडाशी एक मोठा कडा समुद्रात घुसलेला दिसतो. त्याला डॉल्फिन्स नोज म्हणतात, म्हणजे डॉल्फिनचे नाक. त्यावर दीपगृह आहे. धाकटीला नाक लगेच दिसले, सौ.ना उशिरा दिसले. मातोश्री म्हणाल्या, "मला तर पाण्यात बसलेली म्हस दिसती." तेव्हापासून आम्हालाही म्हैसच दिसते.

याच किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही खरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. १९६९ साली नौदलात आलेली ही रशियन बनावटीची पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून लोकांना पाहण्यासाठी खुली आहे. लांबी एक्क्याण्णव मीटर, आणि त्यात सुमारे पंचाहत्तर माणसे महिनोन् महिने राहायची. आत वाकून, अंग चोरून जावे लागते. एकावर एक फळ्यांची झोपायची जागा, तिथेच इंजिन, तिथेच स्वयंपाक. बाकीचे पर्यटक 'बाप रे' म्हणत होते. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, "दहा बाय दहात आम्ही नऊ माणसं राहिलो. ह्यांना पगार तरी होता." बाहेर आल्यावर किनाऱ्यालगतच १९७१ च्या युद्धाचे स्मारक लागते. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी त्या डिसेंबरात याच शहरासमोरच्या समुद्रात बुडाली होती.

जेवणाचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. खानावळीत पोटभर भात वाढतात. वाढप्या भाताचे पातेले घेऊन आला, वाढू लागला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "चालु?" आम्हाला सपाटून भूक लागलेली. आम्ही म्हणालो, "चालू, चालू!" तो निघून गेला. पुन्हा बोलावले. पुन्हा त्याने दोन घास वाढून विचारले, पुन्हा आम्ही जोराने "चालू दे!" म्हणालो, पुन्हा तो पातेले उचलून पुढच्या टेबलावर. शेवटी शेजारच्या माणसाला आमची दया आली. तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'! मराठी माणूस जितका भात मागेल तितका उपाशी राहील, अशी ही भाषेची गंमत.

ताटात एक हिरवट-काळसर आंबट चटणी होती. 'गोंगुरा' असे भारदस्त नाव. सौ.नी बोट लावून चाटले आणि एकदम म्हणाल्या, "आत्याबाई, ही तर अंबाडी!" खरेच अंबाडी होती. गरिबाच्या रानातली भाजी इथे मानाने ताटात बसलेली पाहून दोघी सासू-सुना इतक्या खूश झाल्या की चटणी तीनदा मागवली. त्या वेळी वाढप्याला 'चालु' म्हणायचे नाही हे आम्ही शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी शहर बसने हिंडलो. बंदराजवळ जुन्या गावात तीन टेकड्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर मंदिर. तिन्ही एकमेकांकडे बघत उभी. बंदर १९३३ साली सुरू झाले. त्याला लागून जहाजे बांधायचा कारखाना आहे, हिंदुस्थान शिपयार्ड. हा कारखाना १९४१ साली वालचंद हिराचंद यांनी सिंदिया कंपनीतर्फे उभा करायला घेतला. वालचंद जन्माने सोलापूरचे. इथे बांधलेले 'जल उषा' हे मोठे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले. मातोश्रींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "सोलापूरच्या माणसानं जहाज बांधलं? आमच्याकडं तर बादली बुडवायला पाणी नसायचं!"

शहराच्या दुसऱ्या टोकाला पोलादाचा मोठा कारखाना आहे. त्याच्या आंदोलनाची घोषणा आम्हाला एका रिक्षावाल्या दादाने म्हणून दाखवली, 'विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु'. उक्कु म्हणजे पोलाद. हक्कु म्हणजे काय हे आम्हाला विचारावे लागले नाही. हा कारखाना आपल्याला मिळावा म्हणून १९६६ साली लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे गेली. कोनशिला १९७१ साली बसली. २०२१ मध्ये सरकारने आपला हिस्सा विकायचे ठरवले तेव्हा कामगार त्याच घोषणेसह पुन्हा रस्त्यावर उतरले. रिक्षावाले दादा हे सांगताना रिक्षा हळू चालवीत होते. २०१४ च्या ऑक्टोबरात 'हुदहुद' वादळाने शहराची झाडे कशी झोपवली तेही त्यांनीच सांगितले. प्रत्येक शहराचा इतिहास रिक्षावाल्याकडून ऐकावा, असे आमचे मत झाले आहे. भाडे मात्र आधी ठरवावे.

बसच्या खिडकीतून एक गोष्ट वारंवार दिसत होती. डोंगराच्या उतारांवर, खडकाला धरून, एकावर एक घरे. निळी, गुलाबी, पत्र्याची, विटांची. मधून अरुंद पायऱ्या. आणि त्या पायऱ्यांवरून प्लास्टिकच्या रंगीत कळश्या कमरेवर घेऊन वर चढणाऱ्या बाया. सौ.नी आमचा दंड दाबला. मातोश्री त्या पायऱ्यांकडे टक लावून बघत होत्या. "हितं बी तसंच हाय," एवढे बोलल्या आणि गप्प झाल्या.

संध्याकाळी कैलासगिरीला गेलो. टेकडीवर बाग आहे, शंकर-पार्वतीचे मोठे पांढरे पुतळे आहेत, पोरांसाठी छोटी आगगाडी आहे. वर जायला रोपवे, म्हणजे तारेवरचा पाळणा. मातोश्रींनी पाळण्यात डोळे घट्ट मिटले ते वर पोहोचल्यावरच उघडले. वरून किनाऱ्याची कोयत्यासारखी वळलेली रेघ दिसते आणि दिवे लागले की शहर सुंदर दिसते. भुकेसाठी 'मुरी मिक्स्चर' घेतले. ती आपल्या भेळेची तेलुगू बहीण आहे, फक्त चिंचेऐवजी लिंबू आणि तिखट दुप्पट.

तिसरा दिवस आम्ही मुद्दाम राखून ठेवला होता. विशाखापट्टणमहून भिमिली, म्हणजे भीमुनिपट्टणम या गावाकडे समुद्राच्या कडेने रस्ता जातो. वाटेत ऋषिकोंडा लागते. तिथल्या किनाऱ्याला २०२० साली 'निळा झेंडा' मिळाला असे ऐकून आम्ही कान टवकारले. चौकशी केली तर स्वच्छ पाण्याच्या किनाऱ्यांना देतात तो हा आंतरराष्ट्रीय मान. आपला नव्हे. पण स्वच्छ पाण्याला निळा झेंडा, ही कल्पना आम्हाला पटली.

शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर डाव्या हाताला एक टेकडी आहे. तिचे नाव तोटलकोंडा. रिक्षा वरपर्यंत जाते. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण मातोश्रींचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि 'डोंगरावर' हा शब्द ऐकल्यापासून घरात चिंता होती. रिक्षातून उतरल्यावर थोडे चालावे लागते. त्या एका हाताने धाकटीचा खांदा आणि दुसऱ्या हाताने काठी धरून निघाल्या.

या टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंचा मोठा विहार होता. काळाच्या ओघात तो मातीखाली गेला, लोक विसरले. नौदलाला तळासाठी जागा हवी होती म्हणून विमानातून पाहणी झाली, तेव्हा हे अवशेष नजरेस आले. १९८८ पासून चार-पाच वर्षे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. मातीखालून महास्तूप निघाला, चैत्यगृहे निघाली, सभामंडपाच्या खांबांचे बुंधे निघाले, भिक्खूंच्या लहान लहान खोल्यांच्या रांगा निघाल्या. शंभराहून जास्त भिक्खू राहतील एवढी जागा. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागासुद्धा निघाली. नाणीही सापडली. सातवाहनांची शिशाची आणि रोमची चांदीची. सातवाहन म्हणजे आपल्या गोदाकाठच्या पैठणचे राजे. रोमचे नाणे इथे आले ते समोरच्या समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर. व्यापारी दान देत, भिक्खू धम्म सांगत, आणि याच किनाऱ्यांवरून धम्म समुद्रापार गेला.

वर वारा सुटला होता. खाली निळा समुद्र, वर निळे आकाश. आम्ही स्तूपापुढे उभे राहून त्रिसरण-पंचशील म्हटले. आमचा आवाज ऐकून तिथला रखवालदार जवळ आला आणि हात जोडून उभा राहिला. मग आम्ही फिरू लागलो. विटांच्या ओळी दाखवत आम्ही धाकटीला माहिती सांगत होतो, अर्धी वाचलेली, अर्धी आत्ताच फलकावर पाहिलेली. मातोश्री ऐकत नव्हत्या. त्या चहूकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या,

"ते समदं खरं. पण एवढी माणसं डोंगरावर ऱ्हायची, तर पाणी कुठनं आणायची?"

एवढी पुस्तके वाचून आम्हाला हा प्रश्न पडला नव्हता. रखवालदाराला मात्र कळला. त्याने 'नीळ्ळु?' असे विचारले आणि मातोश्रींनी मान हलवली. आता हा शब्द त्यांचा झाला होता. तो आम्हाला बाजूला घेऊन गेला.

तिथे खडकात टाकी होत्या. सरळ कातळ खोदून केलेल्या. डोंगरावर पडणारा पाऊस वाया जाऊ न देता त्यात उतरवायचा आणि वर्षभर वापरायचा. या टाक्यांवरूनच टेकडीचे नाव पडले आहे, तोटलकोंडा म्हणजे टाक्यांचा डोंगर. स्तूपावरून नव्हे, राजावरून नव्हे, पाण्याच्या टाक्यांवरून! आम्हाला आपली बोरिवलीची कान्हेरी आठवली. तिथेही लेण्याशेजारी पाण्याचे टाके असतेच आणि शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. शंभरदा कान्हेरीला जाऊन आम्ही त्या टाक्यांत फक्त वाकून आपला आवाज घुमतो का ते पाहिले होते.

मातोश्री टाकीच्या काठावर बसल्या. तळाशी पावसाचे थोडे हिरवट पाणी होते. धाकटी शेजारी बसली आणि सहज विचारायचे म्हणून तिने विचारले, "आजी, तुझे गुडघे कधीपासून दुखतात गं?"

तेव्हा जे आमच्या घरात कधी कोणी सविस्तर बोलले नव्हते ते बोलले गेले. बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडच्या त्यांच्या गावात पाण्याचे हाल. पण त्याच्या आधीही विहीर भरलेली असताना आपल्या लोकांना काठावर चढायची बंदी होती. खाली घागर ठेवून उभे राहायचे, कोणाला दया आली तर तो वरून ओतणार. लग्न होऊन मुंबईला आल्या, घाटकोपरच्या डोंगरावर झोपडे मिळाले. तिथे कोणी जात विचारत नव्हते, पण नळ पार खाली. पहाटे तीनला उठून रांग. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, आणि वर चढायच्या पायऱ्या. दिवसाला चार खेपा. पोटात पोर असतानाही. अशी वीस-बावीस वर्षे.

"गुडघं पाण्यानं गेलं, पोरी," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणून न्हाई."

धाकटी काही बोलली नाही. आम्हाला मात्र लहानपणची एक थप्पड आठवली. आम्ही खेळता खेळता कळशी लवंडली होती आणि आईने अशी मारली होती की आम्ही दोन दिवस रुसलो होतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्या थपडेचा अर्थ कळला. सौ. डोळे पुसत समुद्राकडे बघत राहिल्या.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दरवर्षी आम्ही त्यावर भाषणे ऐकतो, देतोही. पण त्या ओंजळीमागे घरोघरच्या किती आयांचे गुडघे होते, हे त्या टाकीच्या काठावर बसून जितके कळले तितके भाषणात कळले नव्हते.

मातोश्रींनी खडकावरून हात फिरवला, छिन्नीच्या खुणा चाचपून पाहिल्या. मग पुन्हा नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "शहाणी माणसं होती. आधी पाण्याची सोय केली, मग ध्यानाला बसली. आपल्या मुन्शिपालटीला दाखवाया पाहिजे हे." सगळे हसले. रखवालदारालाही हसू आले, का ते त्याला कळले नसेल.

एक खंतही सांगतो. इथला स्तूप नव्याने बांधून उभा केला होता, त्याचा काही भाग २०१९ च्या पावसात ढासळला. दोन हजार वर्षांपूर्वीची टाकी शाबूत आणि आपल्या काळातले बांधकाम पडते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आम्ही पाहिले तेव्हा एका विटेवर कोणी बदामात दोन नावे कोरली होती. काठावर वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या होत्या. धाकटीने त्या गोळा करून पिशवीत भरल्या. हा ठेवा सरकारचा आहे, तसा आपलाही आहे. आपण गेलो तर आपल्या जाण्याची खूण मागे उरू नये.

जवळच आणखी दोन टेकड्यांवर असेच विहार होते. त्यांची नावे ऐका. एक बावीकोंडा. तेलुगूत बावी म्हणजे विहीर, आपल्या कोकणात विहिरीला बाव म्हणतात तीच. दुसरी भिमिलीजवळची पावुरालकोंडा. पावुरम म्हणजे पारवा. तिथेही खडकात खोदलेल्या टाक्या आहेत. नावातच पाणी आणि पाखरे! भिमिलीच्या वाटेवर लाल मातीचे प्रचंड ढिगारे आहेत, 'एर्र मट्टी दिब्बलु'. वारा आणि पाण्याने हजारो वर्षांत घडवलेले. 'मट्टी' म्हणजे माती हे मातोश्रींनी न विचारता ओळखले. त्यांचे तेलुगू आता आमच्या पुढे गेले आहे.

अनकापल्लीजवळ संकरम गावी बोज्जन्नकोंडा आहे. अख्खा डोंगर कोरून केलेले स्तूप तिथे रांगेने आहेत. ते मात्र राहिले. भिशी संपली होती.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जावे, उन्हाळा घामट असतो. तोटलकोंड्यावर सकाळी लवकर जावे, वर सावली कमी आहे. म्हाताऱ्या माणसांना न्यायला घाबरू नये, रिक्षा वर जाते. पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे आणि शेजारी कोणी तहानलेले दिसले तर बाटली आधी पुढे करावी. भाषा नंतर जमते.

धाकटीचा निकाल अजून लागायचा आहे. लागला की कळवूच. तूर्त घरात एवढाच फरक पडला आहे की पहाटे नळाला पाणी आले की धाकटी आधी उठते आणि आजीला उठू देत नाही. पण मातोश्रींना नळाचा आवाज झोपेतही ऐकू येतो. पडल्या पडल्या त्या आवाज देतात, "ऊठ गं पोरी, नीळ्ळु आलं!"

जय भीम.